पाचवी उंच झाली

नवतपा लागला की आमच्या घरी कूलरसमोरच्या जागेसाठी भांडणं होतात. त्या भांडणात मी कधी नसते. मी आपली स्वयंपाकघरात घाम पुसत उभी. कूलरच्या ओल्या खसाचा, म्हणजे वाळ्याचा, वास आला की बाकीच्यांना गार वाटतं आणि मला तिथं थांबवत नाही, हे मी कोणाला सांगत बसत नाही. पंचवीस वर्षं शाळेत पोरांवर ओरडून माझा स्वभाव बिघडला आहे असं घरच्यांचं मत आहे. असू दे. एवढ्या उन्हात कोण कोणाला समजावत बसणार.

मे महिन्याच्या शेवटाशी येणारे हे नऊ दिवस बाहेरगावच्या माणसाला सांगून कळत नाहीत. सकाळी दहालाच रस्ता ओस पडतो. नळाला पाणी येतं ते चहाला चालेल इतकं तापलेलं. दुपट्ट्यात डोकं-तोंड गुंडाळलेली माणसं गाड्यांवरून जातात, त्यात आपला सख्खा भाऊ असला तरी ओळखू येत नाही. कडुनिंबाखाली ओल्या मातीत पोट टेकवून एखादं कुत्रं पडलेलं असतं, तेवढाच काय तो जीव दिसतो. लोक म्हणतात, हे नऊ दिवस चांगले तापले की पाऊस चांगला होतो. होत असेल. मला या दिवसांकडून चांगल्याची आशा नाही.

यंदाच्या नवतप्यातल्या रविवारी मुन्ना आला. मुन्ना म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय सत्तेचाळीस, मिहानमधल्या कंपनीत नोकरी, डोक्यावर केस औषधाला नाही, तरी मुन्नाच. रस-पोळी हाणून झाल्यावर त्यानं आपला लॅपटॉप आमच्या टीव्हीला जोडला आणि म्हणाला, "ताई, बस इथं. तुले एक गंमत दाखवतो."

"मले भांडी घासायची आहेत."

"भांडी काही पळून नाही चालली. बस ना वं."

मी बसले आणि पडद्यावर ते पाच जण आले. अंगाला घट्ट बसलेले कपडे, डोक्यावर तोंड झाकणारे टोप, हातात चकाकते पट्टे. एका टेकडीवरून पाचही जण एकदम खाली उड्या मारतात, मागे धूर निघतो, आणि समोरून खेकड्यासारखे पंजे असलेला एक राक्षस डुलत डुलत येतो. मुन्ना हसून हसून लोळायला लागला. "त्याच्या पाठीवरची चेन पाह्य ना ताई. पूर्ण दिसून राहिली." खरंच दिसत होती. राक्षसाच्या पाठीला खालपासून वरपर्यंत चेन होती, रबराची कातडी काखेत फाटली होती, आणि आम्ही ज्याला घाबरून एकमेकांचे हात धरायचो तो राक्षस म्हणजे आत घामाघूम झालेला कोणी गरीब माणूस होता. मला हसू आलं नाही. मी रंग पाहत होते. पहिला लाल, दुसरा निळा, तिसरा हिरवा, चौथी गुलाबी, पाचवी पिवळी. त्यांना रंग होते हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

आता हे सांगायचं तर आमच्या टीव्हीबद्दल सांगावं लागेल. ऐंशीच्या दशकातली ती मधली वर्षं. मी अकरा वर्षांची, मुन्ना आठ-नऊचा. अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आमच्या ओळीत पहिला टीव्ही आमच्या घरी आला. काळा-पांढरा, लाकडी पेटीतला, दोन पल्ल्यांच्या सरकत्या दाराचा. पण बाबांना काळ्या-पांढऱ्याचं समाधान नव्हतं. त्यांनी एक दिवस सीताबर्डीवरून तीन रंगांची प्लास्टिकची काच आणली आणि टीव्हीच्या तोंडावर बसवली. वर निळी, मधे नारिंगी, खाली हिरवी. वर आभाळ, खाली गवत आणि मधे माणसं, असा ती काच करणाऱ्याचा हिशेब असणार. बातम्या देणाऱ्या बाईचे केस निळे, तोंड नारिंगी आणि पदर हिरवा. आई म्हणायची, "हिले कावीळ झाली वाटते." बाबा ऐकायचे नाहीत. रोज बातम्यांआधी ते आपल्या रुमालानं ती काच पुसायचे आणि येईल त्या पाहुण्याला सांगायचे, आपला कलर टीव्ही आहे.

त्या काचेतून पाहिलं की ते पाचही जण सारखे. पाचांचे टोप निळे, पाचांच्या छात्या नारिंगी, पाचांचे पाय हिरवे. वरून अँटेना वाऱ्यानं फिरलेला असायचा, पडद्यावर मुंग्या. टोप काढला तरी काही फरक पडत नसे, कारण ते परदेशी चेहरे आम्हाला सगळे एकच वाटायचे. हे लिहायला आज लाज वाटते, पण वाटायचे ते वाटायचे. बोलणं हिंदीत होतं, तोंड एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. मालिकेचं खरं नाव आमच्यापैकी कोणाला धड घेता येत नव्हतं. आम्ही त्यांना नुसतं 'पाचवाले' म्हणायचो आणि रांगेत जो जिथं उभा असेल तो त्याचा नंबर. पहिला, दुसरा, तिसरा, चौथी, पाचवी. रविवारी सकाळी ते टीव्हीवर आणि रोज संध्याकाळी उन्हं कलली की आम्ही पाण्याच्या टाकीजवळ.

आम्हीही पाचच होतो. मी, मुन्ना, समोरच्या क्वार्टरमधले जुळे भाऊ दीपक आणि दिलीप, आणि आमच्या मागच्या ओळीतली छबू. मी पहिला. मुलगी असून पहिला कशी, असं कोणी विचारलं नाही, कारण टीव्ही आमचा होता. रविवारी कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला खिडकीतून पाहायला लावायचं हे माझ्या हातात होतं, आणि ते माझ्या हातात आहे हे मी कोणाला विसरू देत नव्हते. आज वर्गात एखादी पोरगी तशी वागताना दिसली की मी तिला फार झापते. बाकीच्या शिक्षिकांना वाटतं, एवढं काय चिडायचं त्यात.

पाचवी व्हायला कोणी तयार नसायचं. ती रांगेत शेवटी, तिला मारामारी कमी. तिचं काम एकच. सगळे थांबले की ती गुडघ्यावर बसायची, जमिनीला कान लावायची, एक हात वर करायची आणि राक्षस कुठून येतो आहे ते सांगायची. छबूनं ते काम आपणहून मागून घेतलं. बारीक अंगाची, कानात निंबाची काडी घातलेली, केस तेल लावून चप्प बसवलेले. ती टाकीजवळच्या तापलेल्या सिमेंटवर कान ठेवायची आणि डोळे मिटायची. आम्ही चौघं दगडासारखे उभे. मग ती अगदी हळू म्हणायची, "टाकीच्या मागून येऊन राहिला. दोन पाय जड हाय त्याचे, एक हलका." शप्पथ सांगते, मला तीन पायांचे आवाज ऐकू यायचे. तीन पायांचा राक्षस टीव्हीत कधीच आला नाही, तो छबूनं आणला. एकदा तिचा कान चांगला भाजला, लाल झाला, तर तिच्या आईनं त्याला कैरीचा गर लावला आणि आम्हा सगळ्यांना रांगेत उभं करून बोलणी दिली. दुसऱ्या दिवशी छबू सिमेंटवर फडकं अंथरून त्यावर कान लावत होती.

परीक्षा संपल्या आणि तिला ताप आला. आधी साधा वाटला. मग गुडघे सुजले, मग कोपरं. मोठी माणसं आवाज खाली घेऊन बोलायला लागली. आई शेजारणीला सांगत होती ते मी ऐकलं, की पोरीच्या काळजातच दोष निघाला, डॉक्टरनं हलू नको म्हटलं आहे. मला काळीज आणि गुडघे यांचा संबंध कळला नाही. मला एवढंच कळलं की छबू येणार नाही.

पहिला आठवडा आम्ही चौघं खेळलो. खेळ जमेना. ऐकायला कोणी नाही म्हटल्यावर राक्षस कुठून येणार? मुन्नाला कान लावायला सांगितलं तर तो म्हणायचा, "सगळीकडून येऊन राहिला." दीपक-दिलीप दोघं एकदम दोन दिशा दाखवायचे आणि मग आपसातच मारामारी करायचे. तशात भुसावळहून बदली होऊन एक कुटुंब आलं. त्यांची मुलगी राजश्री, माझ्याच वयाची, पण माझ्यापेक्षा वीतभर उंच. दोन वेण्या, बोलणं कमी. ती पायरीवर बसून आमच्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "खेळतेस? तू पाचवी." ती उठून आली. छबूची जागा द्यायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

मुन्नानं तोवर आणखी दोन भाग दाखवले. बाहेर लू सुटली होती, खिडकीचा पत्रा वाजत होता. मी त्याला म्हटलं, पुरे झालं, पण उठले नाही.

बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे खीर असायची. त्या वर्षीही होती. सकाळी वंदना झाली, आईनं ओळीतल्या सगळ्या घरी वाट्या पाठवल्या आणि मला म्हणाली, "छबूच्या घरी तू जा. अन् बसजो जराशी तिच्यापाशी. पळून नको येजो." मी डबा घेऊन गेले. छबूची आई मागच्या नळावर कपडे धूत होती. छबू खिडकीशी खाटेवर पडली होती. खिडकीला खसाची ताटी लावलेली, नुकतंच पाणी मारलेलं. अंधार, गारवा आणि तो वास. तिचं तोंड वाळून एवढंसं झालं होतं. तिनं खिरीकडे पाहिलं नाही. ती मला म्हणाली, "कुंदा, माह्या जागी कोणाले घेतलं का वं?"

मी म्हटलं, "नाही."

"मग कसे खेळता?"

"चौघंच खेळतो. तुझी जागा रिकामीच आहे."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बरं," आणि भिंतीकडे तोंड केलं. मी डबा तिथंच ठेवला आणि पळून आले. आईनं नको सांगितलं होतं तेच केलं.

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तिचं मन दुखू नये म्हणून मी खोटं बोलले. ते काही खरं नाही. खरं सांगितलं असतं तर मला तिथं थांबून तिचं तोंड पाहावं लागलं असतं. मग ती रडली असती, मग मला काहीतरी म्हणावं लागलं असतं. खोटं बोलले आणि सुटले. त्यानंतर मी त्या घरी गेले नाही. आई म्हणायची जाऊन ये, मी म्हणायची आत्ताच आले जाऊन.

"ताई, हा भाग तं आपण पाहिलाच नाही," मुन्ना म्हणाला. "आपली लाइट गेली होती पाह्य त्या दिवशी, आठवते का?"

मला न आठवायला काय झालं. नवतप्यातलाच रविवार. सकाळपासून पोरं आमच्या घरात दाटीवाटीनं बसलेली. पाचवाले नुकतेच आले होते, पाचवीनं जमिनीला कान लावला आणि लाइट गेली. पंखा फिरत फिरत थांबला. अर्धा तास आम्ही काळ्या काचेकडे पाहत बसलो. मग बाबांनी हाकललं, "चला पोट्टेहो, बाहेर व्हा, उकडून राहिलं."

तो अर्धवट राहिलेला भाग मी यंदा पाहिला. पाचवी जमिनीला कान लावते आणि तिला कळतं की राक्षस टेकडीमागून येत नाही, तो तिच्याच खाली आहे, जमिनीत. ती बाकीच्यांना सांगते, तुम्ही निघा. कान उचलला तर तो कुठं वळला ते कळणार नाही, म्हणून ती कान उचलत नाही. ती तिथंच राहते. मग मोठा धमाका, धूर, आणि नंतर चौघंच जण. तो पहिला, लाल, तो तिचा पिवळा टोप शोधून काढतो, समुद्रावर नेतो, पाण्यानं धुतो आणि मांडीवर घेऊन बसतो. पुढे त्या भागात राक्षस नाही, मारामारी नाही, काही नाही. लहान पोरांच्या मालिकेत एवढा वेळ कोणाला बसवून ठेवत नाहीत. मी आपली पदर तोंडाशी धरून बसलेली.

त्याच भागाच्या अगदी शेवटी नवी मुलगी येते. तोच पिवळा पोशाख, पण उंच. ती रांगेत उभी राहत नाही. ती आधी विचारते, "यहाँ पहले कौन थी?" आणि पहिला तिला खाली बसवून सगळं सांगतो.

मुन्नानं ते थांबवलं. "म्हणजे पाचवी बदलली होती, ताई. मी तुले तेव्हा विचारलं होतं ना, पाचवी उंच कशी झाली म्हणून."

विचारलं होतं खरं. पुढच्या रविवारी, सगळ्यांच्या समोर. आणि मी त्याच्या पाठीत धपाटा घालून म्हटलं होतं, "मोठी होऊन राहिली ती." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. तीन रंगांच्या त्या काचेतून एक गेली आणि दुसरी आली आणि आमच्यापैकी कोणाला पत्ता लागला नाही. निळा टोप, नारिंगी छाती, हिरवे पाय, बस.

तर लाइट गेली त्या सकाळी आम्ही पाण्याच्या टाकीजवळ आलो. ऊन असं की जमिनीकडे पाहवत नव्हतं. तरी मी म्हटलं, खेळू. राजश्री गुडघ्यावर बसली, फडकं अंथरलं, कान लावला, डोळे मिटले, हात वर केला. महिनाभरात ती हुबेहूब करायला लागली होती. मला तेव्हा एवढंच वाटलं की बरी शिकली. आणि मी सहज मान वळवली तर नळाच्या ओट्याशी छबू उभी होती.

डोक्यावर आईची ओली ओढणी. ओट्याला धरून उभी, एवढी चालत आली तेवढ्यानं दम लागलेला. ती राजश्रीकडे पाहत होती. मला दिसलं की तिनं पाहिलं. आणि तिला दिसलं असेल की मी पाहिलं. मी हाक मारायला हवी होती. "ये छबू," एवढंच म्हणायचं होतं. किंवा मी बाजूला होऊन तिला म्हणायचं होतं, आज तू पहिला हो. मी तोंड फिरवलं आणि ओरडले, "हल्ला करा." दीपक, दिलीप, मुन्ना टाकीवर तुटून पडले. मीही पडले. पुन्हा वळून पाहिलं तेव्हा ओट्याशी कोणी नव्हतं. तिच्या तोंडावर काय होतं ते मी धड पाहिलंसुद्धा नाही.

शाळा उघडायच्या आठ दिवस आधी छबू गेली. मोठ्या दवाखान्यात नेलं होतं, तिथून आणलं ते तसंच. आम्हा पोरांना घरात बसवून दारं लावून घेतली. मुन्ना सारखा विचारत होता, "काहून नाही जाऊ देत?" मी त्याला गप्प केलं. आई परत आली, आंघोळ केली आणि मला जवळ ओढलं. ती म्हणाली, "तुही मैत्रीण होती वं बाई, रड." मला रडू आलं नाही. मी भ्याले होते. मला वाटत होतं की ते खोटं आता कुठंतरी उघडं पडेल. कोणीच कधी विचारलं नाही. पुढच्या वर्षी बाबांची बदली झाली, राजश्रीची संगत सुटली, अजनी सुटलं. टीव्हीची काच वाटेत फुटली.

लॅपटॉपची वायर गुंडाळता गुंडाळता मुन्ना म्हणाला, "तुले माहीत हाय का, छबूची आई इथंच असते. तुह्या मनीषनगरात. सुधीर भेटतो मले सकाळी फिराले जातो तं." सुधीर म्हणजे छबूचा भाऊ. तो तेव्हा आईच्या कडेवर होता.

दोन गल्ल्या सोडून. दहा वर्षं मी या भागात राहते, त्याच दुकानातून भाजी घेते, त्याच डॉक्टरकडे जाते. चार दिवस मी त्या गल्लीकडे फिरकले नाही. मग मला माझाच राग आला. पन्नाशीला आलेली बाई, शंभर पोरांना रोज खरं बोला म्हणून दटावणारी, आणि भिते कोणाला तर ऐंशी वर्षांच्या म्हातारीला. मी ठरवलं की जायचं आणि सांगून टाकायचं. काकू, मी कुंदा. मी छबूशी खोटं बोलले होते, आणि ती आली तेव्हा तिला हाक मारली नाही. एवढी दोन वाक्यं मी वाटेत चार वेळा मनात म्हटली.

सुधीरच्या बायकोनं दार उघडलं. अजनीची, छबूची मैत्रीण, एवढंच मी तिला सांगितलं, नाव आत गेल्यावर सांगू म्हटलं. छबूची आई दिवाणावर टेकून बसली होती, डोळ्यांना काळा चष्मा. सून म्हणाली, "डोळ्याचं ऑपरेशन झालं आईचं, पण आता नजर नाहीच आली." आणि तिच्या कानाशी वाकून मोठ्यानं, "आई, अजनीच्या क्वार्टरमधल्या बाई आल्या. छबूताईच्या मैत्रीण."

काकूंनी हात पुढे केला. माझं मनगट सापडल्यावर तो वर सरकत सरकत दंडापर्यंत, खांद्यापर्यंत आला. "राजश्री," त्या म्हणाल्या. "राजश्री ना वं तू? मले वाटलंच, तू येशील कधी ना कधी."

मी तोंड उघडलं. पण त्या सुनेकडे वळून बोलायला लागल्या होत्या. "हे पोट्टी रोज दुपारी ये, बाप्पा. भर उन्हात. क्वार्टरात राहाले आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. छबूले म्हणे, मले तुही जागा देली त्यायनं, पण मले येत नाही, तू शिकव. अन् छबू पडल्या पडल्या शिकवे तिले. भिंतीले कान लावून दोघी बसत. कोण आलं, कोण गेलं, मोजत बसत. हसत वं दोघी. तिच्या त्या दिवसांत ती हसली ते तुह्याच पायी." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला होता. "मरायच्या आधी एक डाव माह्यं न ऐकता उठून गेली होती, तू कशी करतेस ते पाहाले. आली अन् म्हणे, आई, लय मस्त करून राहिली राजश्री."

म्हणजे छबूला माहीत होतं. माझ्याकडे पाहून जागेचं विचारलं तेव्हा तिला सगळं माहीत होतं. ती विचारत नव्हती, मला सांगायची संधी देत होती, आणि मी तिला खोटं सांगून डबा ठेवून पळाले. हे मला त्या दिवाणावर बसल्या बसल्या कळलं आणि तोंडातली ती दोन वाक्यं कुठल्या कुठे गेली. हात सोडवून घ्यावा असं वाटत होतं. हात सोडवला नाही. एवढ्या मायेनं तो कोणी धरून कितीतरी वर्षं झाली होती.

"हाव, काकू," मी म्हणाले. "मीच ती."

सून चहा ठेवायला आत गेली. मग काकूंनी विचारलं, "अन् ते दुसरी पोट्टी होती ना वं, टीव्हीवाल्याची. कुंदा. ते कुठं असते आता?"

"माहीत नाही, काकू."

"छबू लय वाट पाहे तिची. दारात कोणी आलं का म्हणे, कुंदा आली का. ते काही आली नाही." त्यांनी माझ्या हातावर हात फिरवला. "तुले भेटली तं सांगजो तिले, येऊन जा म्हणा एक डाव. मी काही म्हणत नाही तिले. छबूनं मले सांगून ठेवलं होतं, तिले काही बोलू नको म्हणून."

"सांगीन," मी म्हणाले.